पार्किन्सन्सची शस्त्रक्रिया आणि आवाज: जुनंच दुखणं

डीबीएस, म्हणजे मेंदूत इलेक्ट्रोड बसवून विद्युत स्पंदनं देण्याची शस्त्रक्रिया, झाल्यावर हाताचा कंप थांबतो, पाऊल मोकळं पडतं, आणि काही महिन्यांनी घरचे म्हणायला लागतात, 'हल्ली बोलणंच कळत नाही.' ही तक्रार डीबीएसपेक्षा बरीच जुनी आहे.

१९५२ मध्ये अमेरिकन न्यूरोसर्जन अर्व्हिंग कूपर यांच्या हातून शस्त्रक्रियेत मेंदूतली एक रक्तवाहिनी फाटली. ती बांधून त्यांनी शस्त्रक्रिया अर्ध्यावर थांबवली. रुग्ण शुद्धीवर आला तेव्हा कंप जवळजवळ गेलेला होता. पुढे मेंदूच्या आतला नेमका भाग, विशेषतः थॅलॅमसचा, मुद्दाम निकामी करण्याची पद्धत रुळली. एका बाजूला केलं तर निभावून जाई. दोन्ही बाजूंना केलं की बऱ्याच जणांचा आवाज खोल जायचा, शब्द एकमेकांत मिसळायचे. दुसऱ्या बाजूला हात लावताना सर्जन कचरायचे ते यामुळेच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लेव्होडोपा हे औषध आलं आणि या शस्त्रक्रिया मागे पडल्या.

औषधाने काही वर्षांनी अंग वेडंवाकडं हलू लागतं, हे लक्षात आल्यावर पुन्हा सर्जनची आठवण झाली. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला बेनाबिद आणि पोलाक या डॉक्टरांनी थॅलॅमसला सतत विद्युत स्पंदनं द्यायला सुरुवात केली. १९९३ पासून थॅलॅमसखालच्या सबथॅलॅमिक न्यूक्लियस या छोट्या केंद्रकाला. काहीच जाळायचं नाही, प्रवाह कमी-जास्त करता येतो, म्हणून दोन्ही बाजू एकदम करायला हरकत उरली नाही. आवाजाचा प्रश्न सुटला असं वाटणं साहजिक होतं.

तो सुटला नाही. ग्रेनोबलच्याच गटाने २००३ मध्ये ४९ रुग्णांचा पाच वर्षांचा आढावा छापला. कंप आणि ताठरपणा यांतला फायदा टिकला होता, बोलणं मात्र खालावलं होतं. यातलं किती आजाराचं आणि किती इलेक्ट्रोडचं, हा वाद तेव्हापासूनचा. लंडनच्या गटाने २०११ मध्ये एका वर्षातला फरक मोजला: औषध चालू असताना बोलणं समजण्याचं प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत सरासरी १६.९ टक्क्यांनी घटलं, नुसत्या औषधावरच्यांत ४.५ टक्क्यांनी. मला तरी हे आकडे बोलके वाटतात.

कारण जागेत आहे. सबथॅलॅमिक न्यूक्लियस जेमतेम काही मिलिमीटरचं. बाहेरच्या बाजूने जीभ, ओठ, स्वरयंत्राकडे जाणारे तंतू, आतल्या बाजूने लहान मेंदूकडून येणारे. व्होल्टेज वाढवलं की प्रवाह तिथे सांडतो. उतरवलं तर उच्चार सुधारतात, पण कंप डोकं वर काढतो. एका दिशेला प्रवाह वळवणारे नवे इलेक्ट्रोड याच कोंडीवरचा उपाय आहेत.

एवढी वर्षं हे दुर्लक्षित का राहिलं? पार्किन्सन्सची तीव्रता मोजणाऱ्या मूळ यूपीडीआरएस या मोजपट्टीच्या हालचालींच्या विभागात एकूण १०८ गुण, त्यात बोलण्याला फक्त ४. आवाज पार बसला तरी बेरीज उत्तमच दिसते.