आयवाझोव्स्की यांच्या समुद्रचित्रांची पार्श्वभूमी

क्रिमियातील फिओदोसिया या बंदरगावी १८१७ साली एका आर्मेनियन व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या इव्हान आयवाझोव्स्की यांनी आयुष्यात सुमारे सहा हजार चित्रे काढली आणि त्यांतील बहुसंख्य समुद्राची आहेत. तरीही त्यांची थोर समुद्रचित्रे समुद्रासमोर बसून काढलेली नाहीत. ती चित्रशाळेत, केवळ स्मरणातून उतरली.

१८३३ साली ते सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत दाखल झाले. १८३६ च्या उन्हाळ्यात बाल्टिक आरमाराच्या कवायतींसाठी त्यांना जहाजावर पाठवण्यात आले, तेव्हा डोलकाठ्या, शिडे आणि दोरखंड यांची रचना त्यांना खलाशांच्या सहवासात जवळून पाहता आली.

त्यांच्या पद्धतीला खरे वळण मिळाले ते १८४० नंतर, इटलीत. त्यांनी स्वतः सांगितलेल्या हकीकतीनुसार, दक्षिणेकडील किनाऱ्याचे एक दृश्य त्यांनी सुमारे तीन आठवडे खपून, समोरचे जसेच्या तसे टिपत पुरे केले. त्यानंतर सूर्यास्त आणि चंद्रोदय अशी दोन चित्रे मात्र थोडक्या वेळात आठवणीवरून रंगवली. पाहणारे या दोन चित्रांपाशीच रेंगाळले आणि एवढ्या कष्टाने काढलेल्या दृश्याकडे कोणी फारसे वळले नाही. कडाडणारी वीज, वाऱ्याचा झोत किंवा फुटणारी लाट समोर पाहून रंगवता येत नाही, कारण कुंचला टेकेपर्यंत ती सरलेली असते, ही त्यांची धारणा पुढे कायम राहिली. माझ्या मते यात निरीक्षणाचा कंटाळा मुळीच नाही. इतके पाहिलेल्या माणसालाच स्मरणावर असा विश्वास टाकता येतो.

१८४४ साली त्यांची रशियन नौदलाचे चित्रकार म्हणून नेमणूक झाली. राजधानीत मानमरातब मिळत असतानाही पुढच्याच वर्षी ते फिओदोसियाला परतले आणि त्यांनी समुद्रकाठी घर व चित्रशाळा बांधली. त्यांच्या कामाच्या खोलीची खिडकी समुद्राकडे नव्हे, तर अंगणाकडे उघडत असे, असे सांगतात.

१८५० सालचे ‘नववी लाट’ हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहे. वादळातली नववी लाट सर्वांत भयंकर असते, या खलाशांच्या समजुतीवरून त्याचे नाव आले. फुटलेल्या जहाजाच्या डोलकाठीला बिलगलेली मोजकी माणसे आणि त्यांच्यावर झेपावणारी लाट एवढाच त्याचा प्रसंग आहे. पण सगळे लक्ष वेधून घेतो तो लाटेच्या पातळ होत गेलेल्या कडेतून आरपार येणारा पहाटेचा हिरवट-सोनेरी उजेड. रंगाचे पारदर्शक थर एकावर एक चढवून खालच्या थराचा प्रकाश वर येऊ द्यायचा, हे कसब त्यांनी आयुष्यभर घासूनपुसून तयार केले होते.

ऐंशीच्या घरात पोहोचल्यावर, १८९८ साली, त्यांनी ‘लाटांमध्ये’ हा सव्वाचार मीटरांहून रुंद असा प्रचंड पट रंगवला. त्यात जहाज नाही, माणूस नाही, किनाराही नाही. काळवंडलेल्या आभाळाखाली फक्त पाणी आहे. ते चित्र त्यांनी आपल्या गावालाच दिले.