फुजी सुडौल आहे, कारण तो तरुण आहे

जपानच्या फुजी पर्वताचं चित्र काढायला दोन तिरक्या रेषा आणि टोकाला थोडा पांढरा रंग पुरतो. टोकियोच्या नैर्ऋत्येला सुमारे १०० किलोमीटरवर, शिझुओका आणि यामानाशी प्रांतांच्या सीमेवर उभा असलेला हा ३,७७६ मीटर उंचीचा डोंगर कॅलेंडरांवर इतका पाहिलेला असतो की तो जागृत ज्वालामुखी आहे याचा विसर पडतो. खरं तर त्याचा रेखीवपणा हाच त्याचा पुरावा. कुठलाही डोंगर उभा राहिला की पाऊस आणि बर्फ त्याला कुरतडायला लागतात. फुजीवर झिजेपेक्षा भर जास्त पडत आली, म्हणून तो असा दिसतो. पश्चिम उतारावरची ओसावा घळ मात्र दरडी कोसळून रुंदावतेच आहे.

शिवाय हा एकच डोंगर नाही. आजच्या फुजीच्या पोटात त्याहून जुने ज्वालामुखी गाडले गेले आहेत. कोमिताके काही लाख वर्षांचा. त्याच्या खांद्यावर सुमारे एक लाख वर्षांपूर्वी ‘जुना फुजी’ वाढला. आपण पाहतो तो वरचा शंकू बहुतांशी गेल्या दहा-बारा हजार वर्षांतला, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबात कालचा.

याचा दगड आपल्या ओळखीचा आहे: बेसॉल्ट, सह्याद्रीचा काळा कातळ. पण दख्खनमध्ये साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पातळ लाव्हा दूरवर पसरला आणि त्याचे आडवे थर साचले. फुजीवर लाव्हा आणि स्फोटात उडालेली खडी-राख आलटून पालटून मुखाभोवतीच साचत गेली, म्हणून शंकू झाला. जपानच्या इतर मोठ्या ज्वालामुखींत अँडेसाइट नावाचा, बेसॉल्टहून फिकट दगड जास्त. फुजी बेसॉल्टचाच का, यावर भूशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. तिथे भूकवचाचे तीन तुकडे एकमेकांना भिडतात, एवढं नक्की.

या सच्छिद्र दगडामुळे उतारांवर बारमाही नदी नाही. पाणी आत जिरतं आणि पायथ्याशी झऱ्यांतून वर येतं. एकट्या काकिता झऱ्यांतून दिवसाला सुमारे दहा लाख टन पाणी निघतं.

सन ८६४ मध्ये वायव्य उतार फुटला. लाव्हा से-नो-उमी नावाच्या मोठ्या तळ्यात उतरला आणि तळ्याचा बराच भाग बुजला. उरलेले दोन तुकडे म्हणजे आजची साइको आणि शोजी तळी. शेजारच्या मोतोसूसह तिन्ही तळ्यांची पातळी आजही सारखीच असते, कारण पाणी दगडाखालून जोडलेलं आहे. त्याच लाव्हावर आता आओकिगाहारा जंगल आहे. मुळांना खाली शिरायला माती नाही, म्हणून ती जमिनीवरच वेटोळी घालून पसरलेली दिसतात. तिथे होकायंत्र चालत नाही ही निव्वळ आवई. अगदी खडकावर टेकवलं तरच लोहखनिजामुळे काटा थोडा हलतो.

शेवटचा उद्रेक १७०७ चा. ऑक्टोबरात प्रचंड भूकंप झाला आणि ४९ दिवसांनी, १६ डिसेंबरला, आग्नेय उतारावर स्फोट सुरू झाले. लाव्हा वाहिला नाही; उडाली ती खडी आणि राख. एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, आधी पांढुरकी राख पडली, मग काळी. विद्वान आराई हाकुसेकी यांनी भरदिवसा दिवे लावावे लागल्याची नोंद केली आहे. पायथ्याच्या सुबाशिरी गावात तापलेल्या दगडांनी घरं पेटली आणि उरलेली खडीखाली गेली. खरी फरफट पुढे झाली. पुढच्या वर्षी राखेनं भरलेली साकावा नदी पात्राबाहेर आली. शेतकऱ्यांनी चर खणून राख खाली गाडली आणि खालची सुपीक माती वर काढली, तीही हातानं. हे चर उत्खननांत अजून सापडतात.

तेव्हापासून फुजी शांत आहे. पण २००० च्या अखेरीस त्याच्या खाली खोलवर मंद कंपनांचे भूकंप अचानक वाढले आणि सरकारनं धोक्याचा नकाशा करायला घेतला. २०२१ मध्ये तो सुधारला, तेव्हा लाव्हाचा कमाल अंदाज जवळपास दुप्पट केला गेला. नव्या मोजणीत ८६४ चा लाव्हा पूर्वी समजला होता त्याहून बराच जास्त निघाला होता. टोकियोला मात्र धास्ती राखेचीच आहे. ओली राख विजेच्या तारांच्या चिनीमातीच्या टोप्यांवर बसली की वीज गळते, आणि रुळांवर तिचा पातळ थर बसला तरी लोकल थांबतात.