‘कायदा व सुव्यवस्था’ म्हणजे नेमकं काय, आणि कुणाची

ठाण्यात मनाई आदेशाचं कुणाला नवल नाही. सण असो, निवडणूक असो, आयुक्तालयाचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतोच. सोटे, तलवारी, भाले, दंडुके बाळगू नका (भाले घेऊन आता कोण फिरतं ते सोडा), पाच किंवा जास्त जणांनी जमू नका, आणि कारण कायम एकच, कायदा व सुव्यवस्था. आधार १९५१ च्या पोलीस कायद्यातलं कलम ३७.

गंमत अशी की घटनेच्या राज्यसूचीत हा शब्दप्रयोग नाहीच, तिथे पहिली नोंद सार्वजनिक सुव्यवस्था आणि दुसरी पोलीस. तुम्ही म्हणाल काय फरक पडतो, तर समाजवादी नेते राममनोहर लोहिया १९६५ मध्ये याच फरकावर सुटले. पाटण्यात त्यांना स्थानबद्ध केलं होतं, भारत संरक्षण नियमात अधिकार होता सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी आणि जिल्हा दंडाधिकाऱ्याने आदेशात लिहून टाकलं कायदा व सुव्यवस्था. सुप्रीम कोर्टात न्या. हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळं सांगितली, सगळ्यात मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्था, अगदी आत राज्याची सुरक्षा. दारुड्यांची मारामारी झाली तर ती बाहेरच्या वर्तुळातली, तेवढ्यावरून कुणाला असं विनाखटला डांबता येत नाही.

राजकारणात मात्र ही वर्तुळं कोण बघतो. अमेरिकेत १९६८ मध्ये निक्सननी याच दोन शब्दांवर प्रचार केला, दंगली आणि आंदोलनांनी धास्तावलेल्या मतदाराला ते बरोबर कळलं. आपल्याकडे विरोधात बसलं की कायदा व सुव्यवस्थेचे तीन तेरा वाजलेले असतात आणि खुर्ची मिळाली की तीच अबाधित राखायला मोर्चाला परवानगी नाकारतात. पक्ष कुठलाही घ्या.

आपल्या बाजूचंच बघा ना. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतलेल्या जमिनीला रास्त भाव द्या म्हणून शेतकरी नेते दि. बा. पाटलांसोबत उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण गेले. सरकारी भाषेत हा बंदोबस्ताचा विषय, उरणजवळच्या जासई गावात त्या पाच जणांना हुतात्मे म्हणतात आणि घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळण्याची गोष्ट तिथूनच सुरू करतात. नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून २४ जून २०२१ ला बेलापूरला सिडकोवर लोक धडकले, तेव्हाही वाहतूक वळवून तगडा बंदोबस्त लावला होता.