खडकांवर चढायला हॉर्सपॉवर नव्हे, टॉर्क आणि गिअरिंग

रॉक क्रॉलिंगच्या (खडकांवरून सावकाश गाडी चढवण्याच्या) ट्रकचं इंजिन बदलायचं तर सर्वांत जास्त हॉर्सपॉवरचं व्ही-८ बसवा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. खडकावर गाडी माणसाच्या चालीने सरकते; तिथे ५,००० आरपीएमची ताकद वापरातच येत नाही. लागतो तो कमी आरपीएमचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि तो गिअरिंगमुळे कित्येक पटींनी वाढतो. गिअरची गुणोत्तरं धरा: पहिला गिअर ४, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचा) लो ४, डिफरन्शियल (अॅक्सलवरचे गिअर) ५, गुणाकार ८०. म्हणजे २०० न्यूटन-मीटरचं साधं इंजिनही चाकांना, घर्षणातली घट सोडली तर, १६,००० देतं! मी तर आधी फ्युएल इंजेक्शन बघेन. गाडी फार कलली की कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलमधलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन ऐन चढावर बंद पडतं. कललेल्या गाडीत ऑइल पिकअप (तेल ओढणारी नळी) कोरडा पडणार नाही, असा ऑइल संपही (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) हवा.