कानाचं मशीन घेताय? ॲम्प्लिफायर आणि श्रवणयंत्र यांतला फरक

बाबांसाठी पहिलं 'कानाचं मशीन' आम्ही मोबाइलवरची जाहिरात बघून मागवलं. किंमत १,८०० रुपये. कातडीच्या रंगाचं, कानामागे बसणारं, बाजूला एक बारीक चाकी. चाकी फिरवली की आवाज वाढतो. बाबा तेव्हा ७४ वर्षांचे होते. पहिल्याच दिवशी ते लावून जेवायला बसले. आत आई सिंकमध्ये स्टीलचं ताट ठेवत होती, ते तिच्या हातातून निसटलं आणि बाबांनी हातातला घास तसाच टाकून दोन्ही कान दाबून धरले. चार दिवसांत मशीन परत खोक्यात गेलं. मी विचारलं, "बाबा, लावत का नाही?" तर म्हणाले, "अगं, ऐकू सगळं येतं. तुझं बोलणं सोडून सगळं."

त्यांनी तक्रार अगदी नेमकी सांगितली होती, मला ती कळायला पुढे वर्ष लागलं. आम्ही आणलेलं ते श्रवणयंत्र नव्हतंच. तो साउंड ॲम्प्लिफायर होता, म्हणजे आवाज मोठा करणारं साधन. दोन्ही दिसतात सारखी, बसतात कानामागेच, दुकानात आणि जाहिरातीत दोन्हींना 'कानाचं मशीन' म्हणतात. त्यामुळे घरोघरी हीच चूक होते आणि शेवटी खापर फुटतं ते त्या म्हाताऱ्या माणसावर: 'आणून दिलं तरी लावत नाहीत.'

फरक समजायचा तर आधी वयानुसार कान कसा जातो ते बघायला हवं. आपण धरून चालतो की रेडिओचा आवाज कमी केल्यासारखे सगळेच आवाज सारखे बारीक होत असतील. तसं होत नाही. आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्यात जन्मतः साधारण १५ हजार केसपेशी असतात, आणि एकदा गेलेली पेशी पुन्हा येत नाही. शंखाच्या तोंडाशी वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी, आत टोकाकडे खर्जाच्या. वय होतं तशा तोंडाकडच्या पेशी आधी जातात. म्हणजे खर्ज शाबूत राहतो आणि वरची पट्टी विरत जाते.

आता बोलण्याचं बघा. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि दणदणीत असतात. स, श, फ, ठ यांतली हवेची फुंकर वरच्या पट्टीत असते आणि मुळातच क्षीण असते. म्हणून 'साखर' आणि 'भाकर' या शब्दांचा मागचा भाग पोचतो, पुढचं अक्षर वाटेतच हरवतं. 'गोळी सात वाजता घ्या' आणि 'आठ वाजता घ्या' यांत गोंधळ होतो. शब्द कुणाचा हे कळतं, काय ते कळत नाही. माणूस आपल्याला म्हणतो, "तू पुटपुटतेस," आणि त्याच्या बाजूने ते अगदी खरं असतं.

यात आणखी एक गुंता आहे. हळू आवाज ऐकू येईनासे होतात, पण मोठ्या आवाजाचा त्रास कमी होत नाही, कधीकधी वाढतोच. जमीन वर आली आणि छत तिथेच राहिलं तर मधली जागा जशी आखूड होते, तसं. आपण साध्या आवाजात बोललो तर "काय?" आणि जरा चढवला तर "ओरडतेस कशाला?" ही भांडणं कुठल्या घरात होत नाहीत? तो हट्टीपणा किंवा विक्षिप्तपणा नसतो, कानाची ती अवस्थाच असते. हे एवढं जरी घरच्यांना कळलं तरी अर्धी चिडचिड संपते.

ॲम्प्लिफायर यावर काय करतो? माइकमधून आवाज घेतो, मोठा करतो, कानात सोडतो. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा हॉर्न, मिक्सर, भांडी आणि सुनेचं बोलणं, सगळ्याला एकच माप. जो खर्ज बाबांना आधीच नीट ऐकू येत होता तोही मोठा झाला, आणि त्याखाली तो बिचारा 'स' पुन्हा दबला. पडलेलं ताट तर थेट छताला जाऊन भिडलं.

श्रवणयंत्र आवाजाचे पट्टीनुसार वेगवेगळे भाग करतं आणि ज्या भागात त्या माणसाचा कान जितका कमी पडतो तिथेच तेवढी भर घालतं. शिवाय बारीक आवाज जास्त वाढवतं, मोठा आवाज कमी वाढवतं आणि एका मर्यादेपुढे कशालाच जाऊ देत नाही. ही मापं कुठून येतात? तपासणीतून. म्हणून मला विचाराल तर यंत्राचं अर्धं मोल त्या प्लास्टिकच्या कवचात नाही, तपासणीत आणि ते कानाला जुळवून देण्याच्या कामात आहे.

बाबांची तपासणी झाली तेव्हा मी काचेबाहेर बसून बघत होते. बंद खोलीत हेडफोन लावायचा आणि 'टीं' असा बारीकसा आवाज जाणवला तरी बटण दाबायचं. हातात आला तो ऑडिओग्राम म्हणजे एक आलेख होता. डावीकडे खर्ज, उजवीकडे वरची पट्टी, २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ हे पट्टीचं माप). वरून खाली डेसिबल, म्हणजे आवाज किती मोठा त्याचं माप: रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळ्या फुल्या. बाबांची रेघ ५०० हर्ट्झला २५ वर होती आणि तिथून जिना उतरावा तशी उतरत ४,००० ला ६५ वर गेली होती. ऑडिओलॉजिस्टबाईंनी, म्हणजे कान तपासून यंत्र जुळवून देणाऱ्या तज्ज्ञांनी, त्या उतारावर पेन ठेवून सांगितलं, "बोलण्यातली व्यंजनं इथे आहेत, यांना ती मिळतच नाहीत." खोक्यातल्या १,८०० रुपयांच्या मशीनला हा उतार कधीच दिसला नव्हता.

मग दुकानात दोन्हींमधला फरक ओळखायचा कसा? आकारावरून ओळखू नका. खिशात ठेवायचं, वायरवालं जुनं यंत्रही खरं श्रवणयंत्र असू शकतं आणि कानात दिसेनासं होणारं चकचकीत यंत्र नुसता ॲम्प्लिफायर असू शकतो. विक्रेत्याला एवढंच विचारा: "हे माझ्या ऑडिओग्रामप्रमाणे लावून देणार का? आणि महिन्याने त्रास झाला तर पुन्हा जुळवून देणार का?" 'तपासणीची गरज नाही, सगळ्यांना चालतं' असं उत्तर आलं तर तो ॲम्प्लिफायर समजा. खोकं बारकाईने वाचलं तर बहुतेकदा त्यावर 'साउंड ॲम्प्लिफायर' लिहिलेलंही सापडतं. बाकी डिजिटल श्रवणयंत्र एका कानासाठी साधारण १५-२० हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत जातं. पैसे देण्याआधी काही दिवस घरी वापरून बघायला मागा. दुकानातल्या शांत खोलीत सगळीच यंत्रं छान वाटतात.

अमेरिकेतून मुलगा किंवा मुलगी येताना मशीन घेऊन येतात, अशी घरं आपल्याकडे खूप आहेत. तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, दोन्हींमधली रेघ स्पष्ट आखली आहे. ॲम्प्लिफायर हे नीट ऐकू येणाऱ्यांनी लांबचा वक्ता किंवा रानातले पक्षी ऐकण्यासाठी वापरायचं साधन आहे, श्रवणदोषावरचा उपाय नाही. ऑक्टोबर २०२२ पासून तिथे सौम्य ते मध्यम दोष असलेल्या प्रौढांना चिठ्ठीशिवाय श्रवणयंत्र मिळतं, पण त्यालाही कमाल आवाजाची मर्यादा आहे: १११ डेसिबल, आणि मोठा आवाज आपोआप आवरणारी सोय असेल तर ११७. याच वर्गात ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ या बिनवायरच्या इअरफोनमधल्या श्रवणयंत्राच्या सोयीला सप्टेंबर २०२४ मध्ये परवानगी मिळाली. तेव्हा मुलांनी काही पाठवलं तर ते यांपैकी नेमकं काय आहे, हे विचारून घ्या.

कमाल मर्यादेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आवाज ८५ डेसिबलचा असेल तर रोज आठ तासांपर्यंत ठीक मानतात. १०० डेसिबलला ही मुदत १५ मिनिटांवर येते. चाकी शेवटापर्यंत फिरवलेला, कुणीही न मोजलेला ॲम्प्लिफायर दिवसभर कानात राहिला तर उरलेल्या पेशींचंही नुकसान होऊ शकतं.

म्हणून ॲम्प्लिफायर टाकाऊ आहे असं नाही. इस्पितळात खाटेवर असलेल्या आजींशी चार शब्द बोलायचे आहेत, श्रवणयंत्र दुरुस्तीला गेलंय, अशा वेळी आवाज कमीत कमी ठेवून थोडा वेळ तो कामाला येतो. रोजच्या ऐकण्याचा आधार मात्र त्याला करू नका.

पैशांची अडचण असेल तर सोयी आहेत. मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या दोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. तिथे तपासणीही होते आणि सरकारी योजनेतून पात्र व्यक्तींना यंत्रही मिळतं. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरजू ज्येष्ठांना दिल्या जाणाऱ्या साधनांत श्रवणयंत्र आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना साधनांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात मिळतात. इथेच जपायला हवं. ३,००० रुपयांत समोर येतो तो बहुतेकदा ॲम्प्लिफायरच. ती रक्कम यंत्राच्या खर्चाला हातभार म्हणून ठेवावी आणि यंत्र संस्थेच्या किंवा सरकारी रुग्णालयाच्या वाटेने मिळतं का ते आधी बघावं, असं माझं मत आहे.

यंत्र निवडताना बोटांचाही विचार करा. श्रवणयंत्राचे सेल झिंक-एअर प्रकारचे असतात आणि मापाप्रमाणे त्यांच्या चिकटपट्टीचा रंग ठरलेला असतो: १० नंबरला पिवळा, ३१२ ला तपकिरी, १३ ला नारिंगी, ६७५ ला निळा. पट्टी काढली की हवेने सेल जागा होतो, म्हणून मिनिटभर थांबून मगच बसवायचा. बोटं थरथरत असतील किंवा संधिवात असेल तर १० नंबरचा इवलासा सेल बदलणं म्हणजे दर वेळी परीक्षा. त्यांना कानामागचं थोडं मोठं यंत्र बरं, चार्जिंगचं असेल तर आणखी बरं. आणि नातवंडं घरात असतील तर हे सेल त्यांच्या हाती लागता कामा नयेत. गिळले तर जिवावर बेतू शकतं.

काही वेळा दोन्ही मशीनं बाजूला ठेवून आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठायचे. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर ती तातडीची बाब आहे, उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितके लागू पडतात. कानातून पाणी येणं, चक्कर, एकाच कानात सतत गुणगुण, यांचंही तसंच. आणि कित्येकदा नुसता मळ साचलेला असतो. तो काढला की मशीन लागतच नाही.

बाबांचं श्रवणयंत्र आलं तेव्हा त्यांना पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीन तासच लावायला सांगितलं होतं, तेही घरात. वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज मेंदूपर्यंत एकदम पोचतात, त्यांची सवय व्हायला काही आठवडे जातात. वर्तमानपत्राचं पान उलटताना आवाज होतो, हे ते मला दोनदा सांगून गेले. तीन आठवड्यांनी दुसरी भेट होती. बाईंनी विचारलं, "काका, काय त्रास होतो?" बाबा म्हणाले, "बाकी बरंय. भांडी अजून टोचतात." त्यांनी यंत्र संगणकाला जोडलं, वरच्या पट्टीतले मोठे आवाज तेवढे जरा खाली आणले आणि आईला म्हणाल्या, "काकू, आता यांच्याशी नेहमीच्या आवाजात बोला बघू." आई म्हणाली, "अहो, येताना साखर घ्यायचीय." बाबांनी मान डोलावली आणि विचारलं, "किती किलो?"