पाणी बदललं तरी तळं पुन्हा हिरवं का होतं?

"अहो, गेल्याच आठवड्यात टँकर मागवून पाणी बदललं, आज परत पोपटी!" आम्ही तळ्यांची देखभाल करतो, एप्रिल-मेमध्ये असे फोन फार येतात. बंगल्यातलं कमळतळं असो की सोसायटीच्या बागेतला हौद, तक्रार एकच.

पाणी बदललंत, पण खत तळाशीच राहिलं. शेवाळाला फॉस्फरस लागतो. माशांचं उरलेलं खाणं, पाला, गणपतीतलं निर्माल्य यांतून तो गाळात जातो आणि नायट्रोजनसारखा वायू होऊन उडून जात नाही. गाळातले जिवाणू हे सगळं कुजवून फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचंच विरघळणारं रूप, मोकळा करतात. गाळाच्या वरच्या थरात प्राणवायू असेल, तर तिथलं गंजासारखं लोह हा फॉस्फेट धरून ठेवतं. काही जिवाणूही तो पोटात साठवतात. प्राणवायू संपला की दुसरे जिवाणू श्वासासाठी तो गंजच वापरतात. लोह विरघळतं आणि फॉस्फेट पाण्यात सुटतो. साठवणारेही आपला साठा सोडून देतात. हा काही आमचा शोध नाही, इंग्लंडमधल्या तळ्यांवर मॉर्टिमर या शास्त्रज्ञांनी १९४१-४२ मध्येच हे दाखवलं.

आता मूळ दुखणं. पाण्यात हवा सोडणारा एअर पंप रात्री बंद करू नका! आवाज होतो म्हणून वॉचमन बटण दाबतो, कधी बिलाच्या धाकाने सेक्रेटरीच सांगतात. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडतात. अंधारात सगळेच तो फक्त वापरतात, त्यामुळे पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो. पंपाची खरी गरज तेव्हाच. ४० वॅटचा पंप १० तासांत ०.४ युनिट खातो. एक टँकर त्याहून कितीतरी महाग पडतो. आवाजाचंच दुखणं असेल तर पंपाखाली रबराचा तुकडा ठेवा, आम्ही फुकट देतो.

शेवाळ मारायचं औषध आम्ही विकत नाही, यावर काही जण नाराज असतात. मेलेलं शेवाळ तळाशी बसतं आणि त्यातला फॉस्फरस पुन्हा गाळातच जातो. महिन्याभराने तुम्ही दुसरी बाटली घेणार, दुकानदार खूश. त्यापेक्षा पावसाळ्याआधी एकदा गाळ उपसून घ्या. वार्षिक देखभालीत तो धरलेलाच आहे. काढलेला गाळ सुकवून झाडांना घाला, उत्तम खत आहे.

फोन करण्याआधी एक काठी गाळात खुपसून बाहेर काढा. वरचा थर तपकिरी असेल तर घाई नाही, आठवडाभर पंप अखंड चालू ठेवून बघा. काठी वरपासूनच काळी आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाची निघाली, तर पाणी बदलण्यात पैसे घालवू नका, गाळ काढायलाच बोलवा.