पेशंट हलत नाही, म्हणजे झोपलाय?

कोयना धरणाच्या कामासाठी बांधलेल्या कराडच्या धावपट्टीवरून हेलिकॉप्टरनं मुंबईला जायला साधारण तास लागतो. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी हा तास फार जोखमीचा. श्वासनळीत नळी घालताना त्याला दोन औषधं दिलेली असतात, एक झोपेचं आणि एक स्नायू शिथिल करणारं. इटोमिडेटची झोप 5 ते 10 मिनिटांत उतरते. रोक्युरोनियम किलोमागे 1.2 मिलिग्रॅम दिलं असेल, तर स्नायू तासभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लुळे राहतात. मधल्या काळात झोपेचं औषध चालू ठेवलं नाही, तर पेशंट स्ट्रेचरवर जागा असतो, त्याला वेदना कळतात, पण पापणीही हलवता येत नाही. बघणाऱ्याला तो शांत झोपलेला दिसतो. भुलेतली याहून भयंकर चूक सांगता येणार नाही.

थिएटरमध्ये पेशंटच्या उच्छ्वासातला भुलेचा वायू मोजता येतो. हेलिकॉप्टरमध्ये भूल बहुतेक वेळा सिरिंज पंपातून, म्हणजे औषध ठरलेल्या वेगानं ढकलणाऱ्या यंत्रातून, शिरेत जाते, तिथं तसं मोजमाप नाही. 60 किलोच्या पेशंटला प्रोपोफॉल हे झोपेचं औषध किलोमागे मिनिटाला 50 मायक्रोग्रॅम द्यायचं, तर 1 टक्क्याचं औषध ताशी 18 मिली लागतं. पंप तो आकडा इमानदारीनं दाखवतो. पण स्ट्रेचर आत सरकवताना सुई शिरेबाहेर निघाली, तर औषध कातडीखाली साठतं आणि पंप अनेकदा अलार्मही देत नाही. नळी पट्ट्याखाली दाबली गेली तर अलार्म वाजतो खरा, पण पंख्याच्या आवाजात कोणाला ऐकू येणार? म्हणून सुई टोचलेला हात ब्लँकेटखाली झाकायचा नाही. तो सतत डोळ्यांसमोर हवा.

मेंदूच्या विद्युतलहरी वाचणारा बीआयएस मॉनिटर इथं मदतीला येतो. कपाळावर चार इलेक्ट्रोडची पट्टी लावायची, आकडा 0 ते 100 मध्ये येतो, जितका जास्त तितका पेशंट जागा, भुलेसाठी 40 ते 60 हवा. कपाळ स्पिरिटनं पुसून कोरडं करायचं, पट्टीचा प्रत्येक गोल 5 सेकंद दाबायचा आणि इंजिन सुरू होण्याआधीच पहिला आकडा लिहून ठेवायचा. कारण हलक्या हेलिकॉप्टरचा पंखा सेकंदाला साडेसहाच्या आसपास फिरतो. पाती चार असली की सेकंदाला 26 धक्के बसतात, आणि मेंदूच्या बीटा लहरीही सेकंदाला 13 ते 30 याच पट्ट्यात येतात. धक्के त्या लहरींत मिसळू शकतात. त्यामुळे स्क्रीनवरची सिग्नलच्या दर्जाची पट्टी खाली असेल, तर आकड्यावर भरवसा ठेवू नये.

दर्जा चांगला असला तरी आकडा फसवू शकतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पूर्ण जाग्या स्वयंसेवकांना फक्त स्नायू शिथिल करणारं औषध दिलं, तर आकडा 60 च्या खाली गेला. कपाळाच्या स्नायूंची हालचाल थांबली, एवढंच झालं होतं. उलट केटामिन या भुलेच्या औषधावर पेशंट गाढ झोपलेला असतानाही आकडा चढा राहतो. रक्तदाब फार पडला किंवा अंग गार पडलं, तर भूल न वाढताही तो उतरतो.

म्हणून दर 5 मिनिटांनी पेशंटकडेच बघायचं. नाडी वाढली का, डोळ्यांच्या कडेला पाणी आलं का, कपाळ घामेजलं का, बाहुल्या मोठ्या झाल्या का. रक्तस्राव झालेल्या पेशंटमध्ये जागेपणीही रक्तदाब चढेलच असं नाही, तेव्हा त्याची वाट बघू नये. शंका आली की आधी शिरेतली सुई तपासायची, मग झोपेचं आणि वेदनेचं औषध वाढवायचं. स्नायूंचं औषध त्यानंतरच, तेही गरज असेल तर. ते शेवटचं कधी दिलं ती वेळ चिकटपट्टीवर लिहून व्हेंटिलेटरच्या नळीला लावायची, म्हणजे उतरल्यावर ताबा घेणाऱ्या डॉक्टरांना ती विचारावी लागत नाही.